व्हर्नचा शर्ट कुणी धुतला

टिंबरफोर्ड गावच्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ पंधरा वर्षं नेमाने हरत होता, तोवर लोर्ना प्रूइटचं दुकान झकास चाललं होतं.

दुकान स्टेडियमच्या दक्षिण दरवाजासमोर, रस्ता ओलांडला की. आत टी-शर्ट, टोप्या, जर्सी, बाळांचे मोजे, कुत्र्यांचे अंगरखे, बहुतेक सगळं वांगी रंगाचं आणि सगळ्यावर मस्करॅट छापलेला. मस्करॅट म्हणजे तळ्याकाठी राहणारा जाडा उंदीर. वाघ, सिंह, गरुड सोडून विद्यापीठाने हा प्राणी संघाचं चिन्ह म्हणून का निवडला, हे गावात कुणी विचारत नाही आणि विचारणाऱ्याला इथे कुणी भाड्याने घरही देत नाही.

या गावाचं एक पक्कं मत आहे. संघ हरला तर दोष प्रशिक्षकाचा नसतो, खेळाडूंचा तर नसतोच. दोष आपण त्या शनिवारी घातलेल्या शर्टाचा असतो. त्यामुळे शनिवारी संघ हरला की सोमवारी सकाळी लोर्नाच्या दारात रांग लागायची. पुढे नेहमी गस न्हावी.

"लोर्ना, तो गोल गळ्याचा दे. बंद गळ्याने घात केला."

"मागच्या वेळी गोल गळ्यानेच घात केला होता गस."

"तो राखाडी होता ग. राखाडी मला कधी लाभलाच नाही."

अपशकुनी शर्टाने लोक गाडीचं तेल पुसायचे किंवा तो जावयाला द्यायचे. गसचा जावई कॅलोवे विद्यापीठात शिकलेला, म्हणजे शत्रूच्या घरचा. त्याच्याकडे असे चाळीसेक शर्ट साठले होते आणि सासऱ्याचं आपल्यावर प्रेम आहे अशी त्याची समजूत होती.

तर असं सगळं सुरळीत चालू असताना यंदा सप्टेंबरात संघ जिंकला.

लोर्ना दुकानातच होती. सामन्याच्या दिवशी दुकान सोडता येत नाही, म्हणून एकवीस वर्षं तिने एकही सामना डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण कानांनी एकही चुकवला नव्हता. भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजावरून तिला कळायचं, चेंडू कुणाकडे आहे, किती पुढे सरकला आणि कोण आपटलं. त्या दिवशीचा आवाज तिने पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. टोप्यांची मांडणी हलली. ती गल्ल्यामागे एकटी उभी राहून ढसाढसा रडली, आनंदाने. सोमवारी रांग आली नाही. पुढचा शनिवारही संघाने जिंकला, त्याच्या पुढचाही.

आता जिंकलेल्या शर्टाचा नियम तर सगळ्यांना ठाऊक असतो. तो बदलायचा नाही. तो धुवायचाही नाही. ऑक्टोबरपर्यंत गावात असा दर्प पसरला की पाद्रीबाबांनी प्रार्थनेच्या वेळी चर्चच्या खिडक्या उघड्या ठेवायला सुरुवात केली, आणि सगळ्यांच्या आधी वास मारत होता त्यांचाच झग्याखालचा शर्ट.

या सगळ्या शर्टांचा राजा होता लोर्नाच्या नवऱ्याचा, व्हर्नचा. व्हर्नने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, सोळा वर्षं कधी उशीर केला नाही आणि उरलेल्या पंधरा वर्षांतला उशीर रेल्वेच्या फाटकामुळे झाला, असं तो सांगतो. पहिल्या विजयाच्या क्षणी त्याच्या हातातलं सॉसेज पोटावर सांडलं आणि मोहरीच्या सॉसचा बशीएवढा डाग पडला. तेव्हापासून सामना सुरू होण्याआधी त्याच्या स्टँडातले लोक ओळीने येऊन त्याच्या बाहीला हात लावायचे. गस पहिला. तिकडे व्हर्न हात पोटावर बांधून, मान जरा तिरकी करून बसायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला काहीतरी समजत होतं. लोर्नाने मात्र शर्ट घरात येऊ दिला नव्हता. तो गॅरेजमधल्या खुंटीवर टांगलेला असायचा आणि उंदीरही त्या बाजूला फिरकत नव्हते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ब्रॅडन कुल्प दुकानात आला. विद्यापीठाच्या 'चाहता-अनुभव विभागा'चा तो नवा उपाध्यक्ष. याआधी तो मांजरांचं खाणं विकत असे. तो रोज कोरा करकरीत शर्ट घालायचा, घडीची रेघही मोडलेली नसायची, आणि गावातले लोक त्याच्याकडे त्या एका कारणासाठी संशयाने बघत.

"प्रूइटबाई, आकडे काय सांगतात बघा," तो टॅबलेट पुढे करत म्हणाला. "संघ जिंकतोय आणि तुमची विक्री खाली जातेय. जगात असं कुठेच होत नाही. जिंकणं विकतं."

"इथे नाही विकत. इथे हरणं विकतं."

तो हसला. त्याला वाटलं बाई विनोद करताहेत.

"खरं सांगते मिस्टर कुल्प. जिंकलेला माणूस अंगातला शर्ट काढत नाही. नवा कशाला घेईल?"

"चाहता म्हणजे ग्राहक नव्हे बाई, तो प्रवासी आहे. आपण त्याच्या प्रवासात सोबत करायची. उद्या माझे नव्या शर्टांचे खोके येतील. ते कॅलोवेच्या सामन्यापर्यंत गेले पाहिजेत. नाहीतर विकायचा परवाना पुढच्या वर्षी मॉलवाल्या कंपनीला द्यावा लागेल. माझा नाइलाज आहे."

नाइलाज असलेला माणूस इतका प्रसन्न तिने पूर्वी पाहिला नव्हता.

खोके आले. लोर्नाने पहिला फोडला. वांगी रंगाच्या शर्टावर पिवळ्या मोठ्या अक्षरांत 'अजिंक्य' छापलं होतं. अजून तीन सामने व्हायचे होते, शेवटचा कॅलोवेशी, आणि या माणसाने 'अजिंक्य' छापून मोकळं व्हावं? टिंबरफोर्डमध्ये लोक मूल जन्मायच्या आधी पाळणा घेतात, मरायच्या आधी थडग्याचा दगड कोरून ठेवतात, पण सामना संपायच्या आधी विजयाचं नाव काढत नाहीत. गस दारात आला, त्याने अक्षरं वाचली आणि उलट्या पावली मागे गेला.

"झाकून ठेव ते," तो रस्त्यावरून म्हणाला. "व्हर्नच्या नजरेस पडू देऊ नकोस. त्याला धक्का सहन व्हायचा नाही."

संघ पुढचे दोन्ही सामने जिंकला. खोके भिंतीला लागून छतापर्यंत तसेच. लोर्ना दिवसभर दारात उभी राहायची. एकवीस वर्षांचं दुकान. गावातल्या प्रत्येकाचं छातीचं माप तिला पाठ होतं, कोण कधी जाडा झाला आणि कोण आजारात वाळला तेही. मॉलवाल्या कंपनीला ते काय ठाऊक असणार? दहाव्या सामन्यात पाहुण्या संघाने शेवटी शेवटी गुण केले तेव्हा भिंतीपलीकडून उसासा आला आणि लोर्नाच्या मनात आलं, हरा एकदाचे. मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. वडिलांच्या खांद्यावर बसून ती या संघाला ओरडून प्रोत्साहन द्यायची, आणि आता तिला तो हरायला हवा होता.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला, गुरुवारी, व्हर्न अंगणात टर्की पक्षी तळायला भावाकडे गेला. दरवर्षी जातो, दरवर्षी भुवया जाळून घेतो. लोर्ना गॅरेजमध्ये गेली. शर्ट खुंटीवर होता. तिने चिमट्याने तो उतरवला आणि धुण्याच्या यंत्रात टाकला.

तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, असं ती स्वतःला सांगत होती. पण विश्वास नसलेली बाई साधं पाणी घेते. लोर्नाने कढत पाणी लावलं आणि लव्हेंडरचा साबण दुप्पट ओतला. मग घाबरली. वाळवून झाल्यावर तिने फ्रिजमधून मोहरीच्या सॉसची बाटली काढली आणि डाग होता त्याच जागी तेवढाच डाग पुन्हा पाडला. गॅरेजच्या जमिनीवर शर्ट दोनदा घोळवला आणि खुंटीवर अडकवला. व्हर्नला सर्दी झाली होती. शनिवारी त्याने शर्ट अंगात घातला, डागावरून हात फिरवला आणि शिंकत शिंकत सामन्याला गेला.

सामना भरदुपारी सुरू झाला. लोर्ना गल्ल्यामागे बसली. नेहमीची गर्जना झाली, मग एकदम शांतता, आणि त्या शांततेतून लांबून, पलीकडच्या टोकाच्या पाहुण्यांच्या स्टँडातून, बारीक आरोळी. कॅलोवेने पहिले गुण घेतले होते. "बरं झालं," लोर्ना मोठ्याने म्हणाली. दुकानात ऐकायला कुणी नव्हतं. थोड्या वेळाने दुसऱ्यांदा तीच बारीक आरोळी आली तेव्हा ती उगीच टोप्या सरळ करायला लागली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने कान झाकून घेतले.

मध्यंतराला हातावर शिक्का मारून लोकांना बाहेर सोडायची इथे जुनी पद्धत आहे. लोक गाड्यांच्या डिक्या उघडून बिअर पितात, सॉसेज खातात आणि प्रशिक्षकाला शिव्या घालतात. आज कुणी डिकी उघडली नाही. रस्ता ओलांडून एकटा व्हर्न येत होता. तो आत आला आणि गल्ल्यासमोर उभा राहिला.

"धुतलास," तो म्हणाला.

खोटं बोलायचं तिने दोन दिवसांपासून ठरवून ठेवलं होतं. पण त्याच्या पोटावरचा तिने पाडलेला डाग तिच्या डोळ्यांसमोर होता.

"हो."

"कधी?"

"गुरुवारी. तू टर्कीला गेलास तेव्हा."

"डाग?"

"सॉस लावला परत."

व्हर्नने डागाकडे बघितलं. "जागा बरोबर धरलीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते तिला जास्त लागलं.

"तुम्ही सगळे जिंकत होतात आणि मी बुडत होते रे. तुला सांगायचं होतं. कसं सांगणार? तुझ्या बाहीला लोक हात लावत होते."

"गसने लावला ना आजही. मग हात नाकाशी नेला. न्हावी तो, त्याला वासातलं कळतं. म्हणाला, व्हर्न, हा लव्हेंडर. सगळा स्टँड वळून बघायला लागला."

"मग?"

"मग काय. विचारलं, कुणी धुतला. मी म्हटलं, मी."

"तू?"

"म्हटलं, मलाच वास सहन होईना, म्हणून मीच धुतला."

छत्तीस वर्षांच्या संसारात व्हर्नने एक रुमाल धुतला नव्हता. हे त्या स्टँडातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी विश्वास ठेवला, कारण एकवीस गुणांनी मागे असताना माणसाला दोष द्यायला कुणीतरी हवाच असतो.

"काय म्हणाले?"

"गस म्हणाला, माझ्या शेजारून ऊठ." व्हर्नने नाक पुसलं. "पंचवीस वर्षं शेजारी बसतोय आम्ही. असू दे. एक डबल एक्सएल काढ."

ती घाईघाईने खोक्याकडे गेली, शर्ट काढून त्याच्या हातात ठेवला. तो पाकीट काढायला लागला. "राहू दे रे," ती म्हणाली. "नाही," तो म्हणाला, आणि त्याने गल्ल्यावर पूर्ण किंमत ठेवली. मग घडी उलगडली आणि 'अजिंक्य' वाचलं.

"हे कुठल्या गाढवाने छापलं?"

"कुल्पने."

"तरीच." त्याने शर्ट उलटा केला, शिवण बाहेर, माप लिहिलेलं लेबल मानेवर लटकतंय, आणि तसाच अंगात चढवला. "आता अक्षरं बाहेर दिसत नाहीत. चालेल."

दारात गस उभा होता. त्याच्या मागे स्टँडातले वीसेक लोक. ते व्हर्नला मारायला आले होते की बिअरला, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. व्हर्न पायरीवर थांबला. आयुष्यात त्याने कुणाला काही विकलं नव्हतं. शाळेच्या लॉटरीची तिकिटंसुद्धा तो स्वतःच घेऊन टाकायचा.

"गस," तो म्हणाला, "माझ्यामुळे जुनं सगळं बाटलं. तुझाही बाटला, तू बाहीला हात लावलास ना. ज्यांनी ज्यांनी लावला त्या सगळ्यांचे गेले. आता तो घालून परत आत बसलास तर उरलेलंही जाईल. कोऱ्या शर्टाने बस. अर्धा सामना गेला, उरलेला नवा सामना धर."

गसने स्वतःच्या छातीकडे पाहिलं. अकरा आठवड्यांचा शर्ट तो. मग त्याने व्हर्नच्या मानेवरच्या लेबलाकडे पाहिलं.

"उलटा का?"

"विचारू नकोस. उलटाच घाल."

गस आत आला आणि लोर्नाकडे न बघता म्हणाला, "एक्सएल."

पुढची वीस मिनिटं लोर्नाला नीटशी आठवत नाहीत. दारातून माणसं वाहत होती. ती कुणाला माप विचारत नव्हती, तोंड बघून शर्ट फेकत होती आणि प्रत्येक शर्ट बरोबर बसत होता. लोक दुकानातच जुने शर्ट उतरवत होते. नोव्हेंबरातल्या थंडीत उघड्या पोटांची ही गर्दी आणि त्या शर्टांचा ढिगारा, त्याचा वास काय वर्णावा. पाद्रीबाबाही आले. "आतून घालतो," ते कुजबुजले, "झग्याखाली." स्टेडियममध्ये मध्यंतरात वाजणाऱ्या बँडचा शेवटचा सूर थांबला तेव्हा भिंतीला लागून नुसते रिकामे खोके होते. तळाशी एक मीडियम उरला होता. लोर्नाने तो उलटा केला आणि स्वतःच्या अंगात घातला.

मग ती दारात येऊन उभी राहिली. आता दुकान वाचलं होतं, आता तिला कुणाचं वाईट चिंतायची गरज नव्हती. पहिली गर्जना झाली तेव्हा तिने दाराची चौकट धरली. दुसरी झाली. तिसरी झाली तेव्हा बरोबरी झाल्याचं तिला रस्त्यावरून कळलं. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी चेंडूला लाथ मारली, चेंडू दोन खांबांमधून गेला, संघ जिंकला, आणि लोर्ना प्रूइट, वय एकसष्ट, भररस्त्यात नाचली.

सोमवारी कुल्प मिठाईचा खोका घेऊन आला. टीव्हीवर सगळ्या देशाने उलट्या शर्टांचा स्टँड पाहिला होता.

"बघितलंत?" तो म्हणाला. "जिंकणं विकतं."

"एकवीस गुणांनी मागे होतो आपण तेव्हा."

"तेच ते. प्रवास! आता पुढच्या वर्षी आम्ही उलटे शर्ट कारखान्यातूनच आणतोय. शिवण बाहेर, लेबल बाहेर. अधिकृत उलटा. किंमत थोडी जास्त, पण अनुभव आहे ना तो. परवाना तुमचाच बाई. दुप्पट खोके पाठवतो."

"आणि लोकांनी परवाचेच घातले तर?"

"कोण घालेल? तोपर्यंत वास मारायला लागतील," कुल्प म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर हसला. लोर्नाने सही केली.

गाव जिंकलं होतं, पण व्हर्नला माफी नव्हती. सामना उलट्या शर्टांनी जिंकला आणि पहिला अर्धा व्हर्नने घालवला, असा हिशेब लागला होता. पुढच्या मोसमात त्याने कडेला, पायऱ्यांजवळ बसायचं असं स्टँडाने ठरवलं. रविवारी चर्चबाहेर त्याला कुणीतरी 'लव्हेंडर' म्हटलं आणि सोमवारपर्यंत ते सगळ्या गावाच्या तोंडी झालं. किराणावाला म्हणाला, "काय लव्हेंडर, काय देऊ?" आणि व्हर्न म्हणाला, "अंडी."

त्या संध्याकाळी लोर्ना घरी आली तेव्हा धुण्याच्या यंत्राशी खडखडाट चालला होता. व्हर्न तिथे वाकून उभा होता. यंत्राचं झाकण उघडं, आत त्याचा शनिवारचा उलटा शर्ट. त्याच्यावर नवा सॉस सांडलेला होता, यावेळी छातीवर. तो एकेक बटण दाबून बघत होता.

"काय करतोयस?"

"धुतोय."

"का?"

"कुल्पचे खोके येणार ना पुढच्या वर्षी? माझा धुतलेला म्हटल्यावर बाकीच्यांचेही जातील. मग घेतील नवे." तो वळला नाही. "नाव तर माझंच झालंय. हे सुरू कुठून होतं ग?"

 लोर्ना पुढे झाली, त्याचा हात बटणावरून काढला आणि यंत्रातून शर्ट बाहेर घेतला. स्वतःचा शर्ट अजून तिच्या अंगातच होता, लेबल मानेवर. ती गॅरेजमध्ये गेली, व्हर्नचा शर्ट त्याच्या खुंटीवर टांगला आणि शेजारी भिंतीत आपल्या शर्टासाठी दुसरा खिळा ठोकला.